डिशवॉशरमध्ये पाणी भरत नाही? मशीन उघडण्याआधी नळाकडे बघा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा प्रश्न आहे. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, म्हणजे त्यांच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यात वरच्या. डिशवॉशर तीन वर्षांचं, आजवर तक्रार नव्हती. गेल्या आठवड्यापासून मशीन सुरू केलं की आधी थोडा वेळ घुर्रघुर्र, मग बारीक गुणगुण, आणि पाच-सात मिनिटांनी नळाचं चिन्ह लुकलुकायला लागून मशीन थांबतं. आत तळ जवळजवळ कोरडा. सिंकच्या नळाला मात्र पाणी छान येतंय. मेकॅनिकने फोनवरच 'इनलेट व्हॉल्व्ह गेलाय', म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणारी विजेवरची झडप बिघडलीय, असं सांगून भाव दिला. तो बदलावा का, हे त्यांना विचारायचंय.

ताई, एवढ्यात नको. व्हॉल्व्ह गेलेला असूही शकतो, पण ते फोनवर कुणालाच कळत नाही. नाशिकमध्ये वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. 'पाणी भरत नाही' म्हणून ज्या घरांत बोलावतात, तिथे दोष बहुतेक वेळा मशीनच्या बाहेरच सापडतो. कधी कॉकमध्ये, कधी पाइपच्या जाळीत, कधी गच्चीवरच्या टाकीत, तर कधी चक्क सोसायटीच्या वेळापत्रकात. म्हणून मी टाकीकडून निघतो आणि पाणी कुठपर्यंत पोचतंय ते बघत बघत मशीनकडे येतो. स्क्रू ड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक काम करा. घरातला टीव्ही, मिक्सर, एक्झॉस्ट बंद करून मशीन रिकामंच सुरू करा आणि त्याच्याजवळ बसून ऐका. तो पहिला घुर्र आवाज पाणी भरण्याचा नसतो, उपसण्याचा असतो. बहुतेक मशीनं आधी मागचं उरलंसुरलं पाणी अर्धा-एक मिनिट बाहेर टाकतात. मग एक बारीक 'टक्', आणि व्हॉल्व्हची गुणगुण सुरू. तिच्या जोडीला पाण्याची सळसळ ऐकू यायला हवी. सगळं ठीक असेल तर एक-दोन मिनिटांत तीन-चार लिटर पाणी आत येतं आणि फवारे फिरू लागतात.

तुमच्याकडे गुणगुण आहे, सळसळ नाही. याचा अर्थ दार नीट लागलंय, मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाने हुकूम दिलाय, व्हॉल्व्हच्या कॉइलपर्यंत, म्हणजे तारेच्या वेटोळ्यापर्यंत, वीज पोचलीय. म्हणजे अर्धं मशीन तुम्ही ऐकूनच पास केलंत. आता प्रश्न उरतो पाण्याचा, किंवा फार तर व्हॉल्व्हच्या आतल्या पडद्याचा. गुणगुणच नसती तर मी दाराची कडी, फ्लोट (पाणी साचलं की वर उठणारा तरंगता तुकडा) आणि वायरिंगकडे वळलो असतो. आणि उपसा पंप थांबायचं नावच घेत नसता, तर मशीनच्या खालच्या तबकात पाणी साचलंय असं समजलो असतो. त्यावर पुढे येतोच.

आता बाटली घ्या, एक लिटरची. कॉक बंद करून मशीनचा पाइप कॉकवरून सोडवा. तोंडाखाली बादली धरा, कॉक पूर्ण उघडा आणि बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. सहा सेकंदांत भरली तर मिनिटाला दहा लिटरचा प्रवाह आहे. बऱ्याच कंपन्या एवढाच मागतात. दहा-बारा सेकंद लागले तरी मशीन कुरकुरत का होईना चालतं. वीस सेकंदांच्या पुढे गेलं तर व्हॉल्व्ह नवा घाला की जुना ठेवा, नळाचं चिन्ह लुकलुकण्याची शक्यता बरीच. मशीनला ठराविक वेळात ठराविक पाणी आलेलं दिसलं नाही की ते हात वर करतं.

'सिंकला पाणी छान येतंय' ही खूण इथे चालत नाही. सिंकचा नळ वेगळा, मशीनचा कॉक वेगळा. आरओ बसवणारा मुलगा टू-वे कॉक लावून जातो, मग डिशवॉशरवाला त्याच कॉकच्या दुसऱ्या तोंडाला पाइप जोडतो. अशा कॉकच्या आतलं भोक पेन्सिलएवढं असतं. वर प्लंबरने टेफ्लॉन टेप हात सैल सोडून गुंडाळलेली असेल तर तिचे धागे कॉकच्या पोटात जाऊन बसतात. काही कॉक वरून पूर्ण फिरतात, पण आतली चकती अर्धीच उघडते. बाटलीला वेळ लागत असेल तर आधी कॉक बदला, आणि बदलायचाच तर मशीनसाठी स्वतंत्र, पाऊण इंची तोंडाचा घ्या.

आपल्याकडच्या स्वयंपाकघरात आणखी एक गोम असते. जुन्या बिल्डिंगमध्ये ओट्याजवळ दोन लाइनी येतात. एक वापराची, टाकीतून येणारी. दुसरी पिण्याची, थेट महापालिकेची, जिला सकाळी तास-दीड तासच पाणी असतं. नूतनीकरणात प्लंबरला जवळची सापडली ती जोडून तो मोकळा होतो. मग मशीन सकाळी चालतं, रात्री चालत नाही, आणि घरचे म्हणतात मशीन लहरी आहे. काही सोसायट्यांत तिसरीही असते, बोअरची. तिच्यावर मशीन जोडलंय का तेही बघून ठेवा. बेसॉल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. महापालिकेकडून येणारं गंगापूर किंवा मुकणे धरणाचं पाणी त्या मानाने बरंच मृदू. बोअरवर चालवायचंच असेल तर मशीनच्या मिठाच्या कप्प्यात मीठ असायलाच हवं. ते मीठ भांड्यांवरच्या पांढऱ्या डागांपुरतं असतं, असा गैरसमज आहे. कप्पा रिकामा राहिला की मशीनच्या आतही क्षाराचे थर चढतात.

रात्री मशीन लावणाऱ्यांसाठी एक विशेष सूचना. टंचाईच्या दिवसांत कित्येक सोसायट्यांत वॉचमन रात्री अकराच्या सुमारास गच्चीवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो आणि पहाटे उघडतो. सेक्रेटरीने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं असतं, आपण वाचलेलं नसतं. मशीनला दोन वाजताची वेळ लावून झोपलात तर ते बिचारं कोरड्या पाइपकडे पाणी मागून मागून थकतं. सकाळी तुम्ही सर्व्हिस सेंटरला फोन करता, दुपारी माणूस येतो, मशीन त्याच्यासमोर लख्ख चालतं, आणि व्हिजिट चार्ज मात्र द्यावा लागतो. म्हणून तक्रार रात्रीचीच असेल तर आधी वॉचमनला विचारा.

आता तुमच्या मजल्याकडे येतो, कारण माझा पहिला संशय तिथेच आहे.

आपल्या घरात नळाला प्रेशर येतं ते टाकीच्या उंचीचं. दहा मीटर उंचीला जेमतेम एक बार (बार हे प्रेशर मोजायचं माप). तुमच्या बिल्डिंगचा हिशेब मांडू. स्लॅब तुमच्या फरशीपासून तीन मीटरवर, टाकीचा तळ स्लॅबच्या वर मीटरभर, आणि कॉक ओट्याखाली फरशीपासून अर्ध्या मीटरवर. म्हणजे साडेतीन मीटर. प्रेशर ०.३५ बार. त्याच लाइनवर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्याला तीन मजले जास्त मिळतात, त्याचं प्रेशर सव्वा बारच्या आसपास. डिशवॉशरच्या पुस्तिकेत किमान प्रेशर छापलेलं असतं. अनेक मॉडेलना ०.५ बार लागतं, काही ०.३ वर भागवतात. तुमचं मशीन तीन वर्षं काठावर चाललं. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर पाण्याची उंची मीटरभर वाढते, ०.१ बार जास्त मिळतं. टाकी तळाला गेली की तेही जातं. सकाळी चालणारं मशीन संध्याकाळी का अडतं, याचं उत्तर कधी कधी एवढंच असतं.

सिंकच्या नळाला मात्र हे प्रेशर पुरतं. त्याचं भोक मोठं, त्याला कुणाला ढकलायचं नसतं. मशीनच्या व्हॉल्व्हचं तसं नाही. त्याची कॉइल पाण्याचा रस्ता स्वतः उघडत नाही, फक्त एक छोटी दांडी उचलते. त्यामुळे रबरी पडद्याच्या वरच्या बाजूचं दाबलेलं पाणी एका सुईच्या भोकातून निसटतं, आणि मग खालच्या बाजूचं पाणी स्वतःच्या जोरावर पडदा वर ढकलून आत शिरतं. म्हणजे उघडण्याचं खरं काम पाण्याचं प्रेशर करतं. ते नसेल तर कॉइल गुणगुणत राहते, दांडी उचललेली असते, पडदा मात्र जागचा हलत नाही. तुम्ही वर्णन केलेला आवाज नेमका हा आहे. अशा घरात नवा व्हॉल्व्ह लावला तर चार दिवस बरं वाटतं, कारण नवा पडदा मऊ असतो. मग पुन्हा तेच.

कमी प्रेशरचा आणखी एक त्रास आहे, तो मेकॅनिकही विसरतात. पडदा बंद व्हायलाही प्रेशरच लागतं. ते अपुरं असेल तर व्हॉल्व्ह बंद होऊनही थेंब थेंब पाझरतो, मशीन बंद असताना आत पाणी साचतं, आणि एक दिवस ते तबकात उतरून दुसरीच तक्रार सुरू होते.

आता तीन वर्षं काठावर चाललेलं मशीन गेल्या आठवड्यातच का अडलं? माझा अंदाज आहे जाळी. कॉक बंद करा, प्लग काढा आणि पाइपची दोन्ही टोकं सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडाशी किंवा पाइपच्या कॉककडच्या टोकात रुपयाच्या नाण्याएवढी प्लॅस्टिकची जाळी असते. मधोमध छोटी शेंडी असेल तर ती लांब टोकाच्या पकडीने हलकेच ओढा, पिरगळू नका, प्लॅस्टिक ठिसूळ असतं. बाहेर काढून उजेडात धरा. पावसाळ्यात बहुधा तिच्यावर तपकिरी, बोटाला गुळगुळीत लागणारा लेप दिसतो, गाळाचा. त्यात अडकलेले टेफ्लॉनचे पांढरे धागे, एखादा गंजाचा काळा कण, टाकीच्या आतल्या रंगाची पापडी. बोअरचं पाणी असेल तर कडेने पांढरे खडे, नखाने न निघणारे. गाळ असेल तर जुन्या दातांच्या ब्रशने नळाखाली, मागच्या बाजूने पुढे धुवा. खडे असतील तर जाळी व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा. टाचणीने टोचत बसू नका, जाळी फाटली की खालचा पडदा कचरा खातो. आणि जाळी काढून टाकून मशीन चालवणारे महाभाग भेटतात, त्यांना मी हात जोडतो. पडद्यातलं सुईचं भोक एका वाळूच्या कणाने बंद होतं, मग खरंच व्हॉल्व्ह बदलायची वेळ येते.

महापालिका दुरुस्तीसाठी अधूनमधून पुरवठा बंद ठेवते. त्यानंतरच्या पहिल्या पाण्यात लाइनीतला सगळा गाळ-गंज एकदम सुटून येतो. जवळपास कुठे रस्ता खोदून पाइपलाइन जोडली असेल तर तेच. अशा दिवशी पहिली बादलीभर धार सिंकमध्ये सोडून द्या, मशीन दुसऱ्या दिवशी लावा. टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली असेल तर लाइनीत हवाही अडकते. पाइप सोडवून कॉक मिनिटभर वाहता ठेवला की फसफस करत ती निघून जाते. हे सांगायला साधं वाटतं, पण वरच्या मजल्यावर हवेचा असा बुडबुडा मशीन अडवू शकतो, कारण त्याला पुढे ढकलायला प्रेशरच नसतं.

पाइप सोडवलाच आहे तर तो पूर्ण लांबीभर हाताने चाचपून बघा. मशीन मागे सरकवताना भिंतीत दाबला जाऊन त्याची घडी पडते. बाई झाडू-पोछा करताना मशीन ढकलते, कधी आपणच सिलिंडर काढताना ढकलतो. मशीन आणि भिंत यांत पाइपला वळायला जागा हवी.

पाइपच्या कॉककडच्या टोकाला प्लॅस्टिकची डबी असेल तर जरा सावध. हा गळतीरोधक पाइप. त्याचे दोन प्रकार. एकात वायर असते आणि डबीच्या आतच विजेवर चालणारा व्हॉल्व्ह असतो, २३० व्होल्टचा. तो कापू नका, लांबवू नका, बादलीत बुडवू नका. जाळी डबीच्या तोंडाशी असते, तेवढीच साफ करा. दुसरा प्रकार यांत्रिक. आतला पाइप फुटला की बाहेरच्या आवरणात पाणी उतरतं आणि झडप कायमची मिटते. डबीवर छोटी खिडकी असते, ती लाल झाली असेल तर तो पाइप संपला. साफसफाईने जिवंत होत नाही, पाइपच बदलावा लागतो. हे आधी न बघता मशीन उघडणाऱ्यांचा अर्धा दिवस फुकट जातो.

आता फ्लोटचं. मशीनच्या पोटाखाली एक तबक असतं, त्यात थर्मोकोलसारखा हलका तरंगता तुकडा. कुठून गळती झाली, तबकात पाणी आलं की तो वर उठतो, स्विच दबतो, आणि मशीन पाणी घेणं थांबवून नुसतं उपसत राहतं. तुमच्या वर्णनात तसं नाही, पण बरेच जण हीच तक्रार 'पाणी भरत नाही' म्हणून सांगतात. गळतीचं एक कारण मात्र मी जवळजवळ नेहमी आधी विचारतो: डिशवॉशरची पावडर संपली म्हणून भांडी घासायचा साधा लिक्विड साबण घातला होता का? फेस होऊन तो दाराच्या खालून तबकात उतरतो. लोक आधी नाही म्हणतात, मग सासूबाई किंवा मुलगा हळूच कबूल करतो. प्लग काढून, कॉक बंद करून, दोघांनी धरून मशीन पुढच्या बाजूला थोडं झुकवा, जुना पंचा खाली टाका. पाणी निघून फ्लोट खाली बसला की मशीन पुन्हा पाणी घेतं. दोन-चार दिवसांनी पुन्हा तसंच झालं तर गळती खरी आहे, मेकॅनिकला बोलवा. फ्लोटचा स्विच वायर जोडून कायमचा निकामी करून देतो म्हणणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. खालच्या मजल्यावरच्यांचं छत तुमच्या खर्चाने रंगवायची वेळ येते.

काही मॉडेलमध्ये फ्लोट मशीनच्या आत, तळाशी कोपऱ्यात टोपीसारखा दिसतो. तो वर अडकला की मशीनला वाटतं पाणी भरलंय. बोटाने उचलून सोडा, टपकन खाली बसायला हवा. तिथे मी चमचा, द्राक्षाचा देठ, मिसळीची शेव, काय काय काढलंय. खरकटं टाकून न देता ताट तसंच आत ढकलायची सवय असेल तर हे महिन्यातून एकदा बघत जा.

पाणी येतं, पण आल्या पावली निघून जातं, असंही होतं. उपशाचा पाइप जमिनीलगतच्या नाळीत सरळ खाली सोडला असेल तर पाणी आपोआप ओढलं जातं. सळसळ ऐकू येते, तळ तरी कोरडाच. पाइप आधी वर नेऊन मग खाली सोडायचा असतो. किती उंचीवर, ते पुस्तिकेतल्या चित्रात दिलेलं असतं, साधारण ओट्याच्या निम्म्या उंचीवर अडकवलात तरी भागतं.

पाणी मोजण्याची यंत्रणाही फसते. जुन्या धाटणीच्या मशीनमध्ये बारीक हवेची नळी आणि प्रेशर स्विच असतो. नळीच्या तोंडाशी तेलाचा चिकटा बसला की स्विचला खरी पातळी कळत नाही. नव्यांमध्ये फ्लो मीटर असतो, एक इवलीशी भिंगरी, जिच्या फेऱ्या मोजून मशीन लिटर ठरवतं. भिंगरीत खडा अडकला तर पाणी येऊनही मशीन म्हणतं आलं नाही. हे ओळखायला एक युक्ती आहे. मशीन रिकामं सुरू करा, उपसा संपला की दार हळू उघडून तांब्याने तीनेक लिटर पाणी तळात ओता, दार लावा. मशीन पुढे धुवायला लागलं तर आतलं सगळं ठीक आहे, अडचण पाणी येण्याच्या बाजूला. फ्लो मीटरवालं मशीन मात्र या युक्तीला फसत नाही, ते तरीही नळाचं चिन्ह दाखवतं, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नका.

व्हॉल्व्हची कॉइल तपासायची असेल तर ती मल्टीमीटरने, प्लग काढून. २३० व्होल्टच्या बहुतेक कॉइलचा रोध तीन ते पाच किलोओहमच्या दरम्यान येतो. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. तुमची गुणगुणते, म्हणजे तुटलेली नाही. उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्होल्टेज फार पडत असेल तर कॉइल गुणगुणूनही दांडी नीट उचलत नाही, एवढं लक्षात असू द्या. हे मोजमाप ज्याला मीटर धरायची सवय आहे त्यानेच करावं. बोर्डाबद्दल मी फार बोलत नाही. तो खराब होतो, पण क्वचित, आणि त्याची पाळी शेवटची.

स्क्रीनवर कोड येत असेल तर तो लिहून ठेवा. बॉश आणि सीमेन्सचा ई१८ म्हणजे पाणी पुरेसं येत नाही, ई१५ म्हणजे तबकात पाणी. एलजीचा आयई पाणी येत नसल्याचा, एई गळतीचा. सॅमसंगचा ४सी पाण्याचा, एलसी गळतीचा. पण कोड फक्त 'पाणी आलं नाही' एवढंच सांगतो. का आलं नाही, हे मशीनला कॉकच्या पलीकडचं दिसत नसल्याने कळत नाही. ई१८ बघून थेट व्हॉल्व्ह मागवणारा माणूस कोड वाचतो, घर बघत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा. आज बाटली मोजा. मग जाळी साफ करून पुन्हा चालवून बघा. त्याने सुटलं तर प्रश्न मिटला, फक्त पावसाळा संपेपर्यंत दर महिन्याला जाळी बघा. जाळी स्वच्छ असून बाटली वीस-पंचवीस सेकंद घेत असेल तर शेजारच्या फ्लॅटमध्ये, त्यांच्या ओट्याखाली तीच बाटली मोजा. तिथेही तेवढाच वेळ लागला तर प्रेशरच कमी आहे. त्यांच्याकडे भराभर भरली तर तुमच्या फ्लॅटमधली लाइन चोंदलीय. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर आतून गंजाने त्याचं भोक करंगळीएवढं उरतं, तिथे पाइप बदलण्याला पर्याय नाही.

प्रेशरच कमी असेल तर तीन रस्ते. टाकीचा स्टँड मीटरभर उंच करून ०.१ बार मिळतं, खर्चाच्या मानाने फार नाही. सोसायटीने वरच्या मजल्यांसाठी गच्चीवर प्रेशर पंप बसवला तर उत्तम, गीझर-शॉवरचंही भलं होतं. नाहीतर तुमच्या फ्लॅटच्या टाकीकडून येणाऱ्या लाइनीवर छोटा पंप. तो घेताना दुकानदाराला स्पष्ट सांगा की प्रेशर स्विचवाला हवा. फ्लो स्विचवाला पंप पाणी वाहायला लागलं की सुरू होतो, आणि तुमच्याकडे तर व्हॉल्व्ह उघडतच नाही म्हणून पाणी वाहतच नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. पंपाबरोबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारी झडप, लावायला विसरू नका, नाहीतर पंपाने ढकललेलं पाणी टाकीकडेच परत जातं. आरओचा छोटा पंप यासाठी चालत नाही, त्याचा प्रवाह फारच कमी असतो. आणि महापालिकेच्या नळजोडणीला थेट मोटर लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ते बेकायदा आहे.

सोलर वॉटर हीटरची लाइन जोडून प्रेशर वाढेल असं काहींना वाटतं. वाढत नाही, सोलरची टाकीही त्याच थंड पाण्याच्या टाकीवर भरते. शिवाय बऱ्याच मशीनना आत येणारं पाणी ६० अंशांपर्यंतच चालतं आणि एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या गच्चीवर सोलरचं पाणी त्याच्या वर सहज जातं.

बाटली झटपट भरते, जाळी स्वच्छ, पाइपला घडी नाही, व्होल्टेज ठीक, आणि तरी नुसती गुणगुण? मग व्हॉल्व्ह बदला, खुशाल. मेकॅनिकला जुना व्हॉल्व्ह हातात द्यायला सांगा आणि तुमच्या मॉडेल नंबरचाच नवा लावून घ्या. दिसायला सारखे असले तरी त्यांच्या आतून जाणारा प्रवाह वेगळा असतो. तोवर मशीनच्या तळातलं उरलेलं पाणी फडक्याने टिपून घ्या, गाळणी काढून धुऊन ठेवा आणि दार बोटभर उघडं राहू द्या. पावसाळ्यात दोन दिवस बंद राहिलेल्या डिशवॉशरला येणारा वास नंतर आठवडाभर जात नाही.